सगळ्यात खालची पट्टी

मुदखेडच्या अलीकडच्या एका वस्तीवर लग्न होतं. पंगती उठल्या, नवरी गेली, मांडव उतरला. साऊंडच्या पेट्या एकीवर एक रचून झाल्या आणि टेम्पो यायचा तेवढा राहिला. टेम्पोवाल्यानं फोनवर सांगितलं, पंक्चर काढून निघतो. म्हणजे आता निवांत बसायचं.

पोरांनी तुराट्या पेटवल्या. हणमंतराव खुर्ची ओढून शेकत बसले. जळकोटचा मांडव-साऊंडचा धंदा त्यांचाच. पोरं त्यांना मालक न म्हणता मामा म्हणायची. साऊंड सांभाळणारा धम्मानंद लॅपटॉप आणि एक पेटी अजून चालू ठेवून बसला होता. बसल्या बसल्या त्यानं माइक तोंडाजवळ नेला आणि मुद्दाम एक लांब श्वास ओढला. पेटीतून तो सगळ्या रानात घुमला.

"आलं बे भूत!" अमरनाथ ओरडला. "ह्याच्या बायकोला ऐकवा रे हे."

"आधी बायको तर आणून द्या," धम्मानंद म्हणाला. पोरं खिदळली.

हणमंतराव हसले नाहीत. "ठेव तो माइक खाली."

"का ओ मामा?"

"ठेव म्हणलं की ठेव. श्वासाची मस्करी मला सहन होत न्हाई."

आता पोरं कशाची सोडतात. खुर्चीच्या भोवती सरकली. हणमंतरावांनी आधी नको नको केलं, मग रस्त्याकडं पाहिलं. टेम्पोचा पत्ता नव्हता.

"मधी कुणी बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "आदिनाथ माझ्या मांडवात माइकवर बोलायचा. त्याच्या भावानं, श्रीमंतानं, हे मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलंय. पुढं तुमचं तुम्ही बघा."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

*

जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार. ह्या सगळ्या पट्ट्यात जाहिरातीची रिक्षा गेली की तिच्या भोंग्यातून आवाज यायचा तो आदिनाथचा. कापड दुकान असो, बियाणं असो, कुस्त्या असोत. पोरंसोरं त्याची नक्कल करायची. लहानपणी बैलाचं शिंग लागून त्याच्या नाकाचं हाड मोडलं होतं, त्यामुळं बोलायच्या आधी तो श्वास घ्यायचा तेव्हा बारीक शीळ वाजायची. घरच्यांना ती शीळ ऐकूनच कळायचं, आता दादा बोलणार.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती शीळ कधीच ऐकू यायची नाही. वीरभद्र ती कापायचा.

वीरभद्र हा आदिनाथचा जोडीदार. उदगीरला एका बंद दुकानाच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता. एकच कॉम्प्युटर, काचेची छोटी खोली, खोलीत माइक आणि खुर्ची. आदिनाथ बोलायचा आणि वीरभद्र कॉम्प्युटरवर ते कापायचा, जोडायचा, खाली संगीत लावायचा, बोलण्याचा ताल आणि ढोलकीचा ताल एकमेकाला मिळवून द्यायचा. दोघांनी मिळून सुरू केलेलं काम होतं. वीरभद्राचं घराणं दुकानदारीचं, त्यांना शेत नव्हतं. त्यामुळं दरवर्षी येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतपूजेला, तो आदिनाथच्या शेतात यायचा. आदिनाथची आई, साखराबाई, त्याला जवळ बसवून आंबील पाजायची. "माझं तिसरं पोरगं," म्हणायची.

मग आदिनाथच्या छातीनं दगा दिला. फुप्फुसं आखडत चालली. डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं कमी करा. ज्याचं पोट बोलण्यावर, त्याला हे सांगितलं.

आणि त्या शेवटच्या दोन महिन्यांत वीरभद्र रोज मोटरसायकल घेऊन दारात यायचा. आदिनाथला मागं बसवायचा, उदगीरला न्यायचा, दिवस मावळला की आणून सोडायचा. तिथं त्याच्याकडून वाचून घ्यायचा. पेपर, आकडे, गावांची नावं, वस्तूंची नावं. घरी आला की आदिनाथ भिंतीला पाठ लावून बसायचा आणि नुसता श्वास घेत राहायचा. त्याची बायको उज्वला एकदा म्हणाली, "भाऊ, दमलेल्या माणसाला कशाला नेता?"

वीरभद्र म्हणाला, "वहिनी, मायसाठी आवाज भरून ठेवायलाव. उद्या काय झालं तर तिला ऐकायला तरी राहील."

उज्वलानं पदर डोळ्याला लावला. श्रीमंतानं तर त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले.

आदिनाथ त्या उन्हाळ्यात गेला. तिरडीचं पुढचं टोक श्रीमंताच्या खांद्यावर होतं आणि दुसरं वीरभद्राच्या. गावात सगळ्यांत जास्त रडला तो वीरभद्र.

माणूस गेला, पण रिक्षा फिरतच राहिल्या. त्यांतून आदिनाथ बोलतच राहिला. वीरभद्र म्हणाला, जुन्या जाहिराती आहेत, संपतील हळूहळू. घरच्यांनीही तेच धरलं. पण साखराबाईला कोण समजावणार? तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मुलाचं मढं तिनं पाहिलं नव्हतं, नुसता हात लावला होता. आणि इकडं रोज-दोन रोजाला दारावरून त्याचा आवाज जायचा.

"आदिनाथ बोलायलाय की! तुमी मला खोटं सांगायलाव."

"न्हाई माय, ते भरून ठेवलेलं हाय."

"माझ्या लेकाला मी वळखत न्हाई का? घरावरून जातो अन् आत येत न्हाई. कशाचा राग हाय त्याला?"

एकदा ती भिंत चाचपत आवाजाच्या मागं निघाली ती वळणावर सापडली. दुसऱ्या खेपेला उसाचा ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर उतरून तिला बाजूला ओढत होता. तिला त्याचं काही नव्हतं. ती त्यालाच विचारत होती, रिक्षा कुण्या अंगाला गेली म्हणून. त्यानंतर उज्वला शेतात जाताना दाराला बाहेरून कडी घालायची. रिक्षा गेली की म्हातारी आतून दार बडवायची. शेजारी सांगायचे, उज्वला ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी घालायची.

*

आता ती रात्र सांगतो. परवाची नव्हे, त्याच्या आधीची येळवस. सोमवार होता, तीस डिसेंबर.

येळवसेला आपल्याकडं काय असतं, तुम्हाला माहीत आहे. अख्खं गाव शेतात. लातूर असो की उदगीर, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकानांना कुलपं. श्रीमंताच्या शेतातही पूजेसाठी कडब्याची कोप, छोटी खोप, केली होती, पूजा झाली, भज्जी-उंडे झाले. फक्त वीरभद्र आला नाही. फोन केला तर म्हणाला, काम आहे. संध्याकाळी गवताचा पलिता, हेंडगा, पेटवून शेताला फेरी घातली आणि सगळे घरी आले.

रात्री उज्वलानं डबा भरला. भज्जी, उंडे, बाटलीत आंबील.

"भाऊजी, तेवढं वीरूभाऊंना नेऊन द्या. त्यांना कुठलं शेत? अन् हात जोडून सांगा, त्या जुन्या जाहिराती आता बंद करा. आत्याबाई एक दिवस गाडीखाली जातील."

"सांगतो."

"अन् आत्याबाईसाठी भरलंय ते घेऊन या. घरात आवाज असला तर त्या रस्त्यावर जाणार न्हाईत."

खाटेवरून साखराबाई म्हणाली, "आदिनाथ भेटला तर म्हण, माय जेवली न्हाई अजून."

श्रीमंतानं मोटरसायकल काढली. थंडी मरणाची. अमावस्या, त्यामुळं दिव्याच्या उजेडापुढं काही नाही. उदगीरला पोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि गाव असं पडलेलं जसा कर्फ्यू लागलाय. माडीच्या खिडकीत तेवढा उजेड होता. त्याला बरं वाटलं. डबा छातीशी धरून तो जिना चढू लागला.

निम्म्या जिन्यात त्याला दादाचा आवाज ऐकू आला.

"नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा! दोन हजार पंचवीस सालची पहिली खरेदी आपल्या हक्काच्या दुकानात! संक्रांतीच्या साड्यांचा नवा माल दाखल झाला आहे! येताना सहकुटुंब या!"

श्रीमंताचा पाय पायरीवरच राहिला.

पंचवीस साल अजून उजाडायचं होतं. दादा उन्हाळ्यातच गेला. त्याला कुणी सांगितलं, संक्रांतीला कुठला माल येणार ते?

आवाज पुन्हा सुरू झाला. तेच. पुन्हा तेच. चार वाक्यं, आणि मध्ये कुठं शीळ नाही, कुठं थांबणं नाही.

त्यानं दार ढकललं. वीरभद्र दचकून वळला. मग हसला. "अरे यप्पा, तू हायस व्हय! ये, ये. डबा आणलास? वहिनींनी आठवण ठेवली बघ."

"हे दादा कधी बोलला?"

वीरभद्रानं पडद्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. लपवायचं की सांगायचं, असा एक क्षण गेला. पण माणसाला आपल्या कामाचं कौतुक असतंच. खुर्ची ओढून तो म्हणाला, "बोलला न्हाई. बोलवलं. कॉम्प्युटरला त्याचा आवाज शिकवला. आता मी हितं लिहितो, आदिनाथ बोलतो. फरक कळला का तुला? तू सख्खा भाऊ, तुलाबी कळला न्हाई!"

"म्हणजे ते दोन महिने..."

"ते न्हाई का लागत? भरपूर बोलणं लागतंय शिकवायला. सगळे शब्द, सगळे आकडे."

"मायसाठी म्हणला होतास, वीरूदादा."

"आवाज राहिला का न्हाई त्याचा? तूच सांग."

"मायसाठी भरलेलं दे."

वीरभद्र डब्याचं झाकण उघडायला लागला.

"वीरूदादा. मायसाठी भरलेलं दे."

"सगळंच तिच्यासाठी हाय की रे..."

श्रीमंत सातवीत शाळा सोडलेला, कधी कुणापुढं आवाज चढवला नाही असा माणूस. त्या रात्री त्यानं खुर्ची ओढली आणि वीरभद्राच्या शेजारी बसला. म्हणाला, "दादानं वाचलेलं लाव. मला ऐकायचंय."

वीरभद्रानं एक फाइल लावली. पडद्यावर हिरव्या लाटा उमटल्या. आणि पेटीतून शीळ आली. बारीक, ओळखीची. श्रीमंताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आदिनाथ वाचू लागला. कूलर. पंखा. शिलाई मशीन. दर दोन शब्दांनंतर शीळ, आणि शीळ लांबत चाललेली.

"वीरू, दम लागलाय रे."

"एवढं पान संपव. मग पाणी देतो."

"बरं... आईचं कधी घ्यायचं?"

"शेवटी घेऊ की. निवांत."

श्रीमंत म्हणाला, "दुसरी लाव."

दुसऱ्या फाइलमध्ये गावांची नावं होती. शेवटी आदिनाथ म्हणत होता, "आज आईचं घेऊ, मी काय बोलायचं ते ठरवून आलोय." आणि वीरभद्राचा आवाज, "उद्या. आज लाईटचा भरवसा न्हाई."

तिसरीत आदिनाथ हसला होता. "उद्या मी असलो म्हणजे झालं," म्हणाला होता. वीरभद्रही त्यात हसला होता.

अगदी शेवटच्या फाइलमध्ये आकडे होते. आदिनाथ एकेक आकडा ओढून आणत होता, विहिरीतून बादली ओढावी तसा. "वीरू, आज तरी..." "हे आकडे झाले की तेच." मग आणखी आकडे. मग खोकला. खोकला थांबेना. मग फाइल संपली.

पुढं फाइल नव्हती.

"घेतलंच न्हाईस," श्रीमंत म्हणाला.

"राहून गेलं."

एवढंच. चप्पल कुठं राहून जावी तसं. श्रीमंत मला म्हणाला, मामा, दादा गेला तेव्हा मी रडलो, पण त्या दोन शब्दांनी माझ्या आत काय झालं ते मला सांगता येत नाही. ज्याला मायनं स्वतःच्या हातानं आंबील पाजली, त्यानं तिच्या नावावर तिच्या लेकाचा उरलासुरला श्वास काढून घेतला. आणि तिचं तेवढं राहून गेलं.

"पूस," तो म्हणाला. "सगळं पूस. माझ्यासमोर."

"अरे, लोकांनी नव्या जाहिराती सांगून ठेवल्यात..."

"माय गाडीखाली जायची वाट बघायलास का?"

वीरभद्रानं डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, "पुसतो. तुझ्यासमोर पुसतो."

त्यानं मुख्य काम उघडलं. पडदाभर पट्ट्या. एकीत बोलणं, एकीत ढोलकी, एकीत टाळ. धम्मानंद, तू करतोस तसंच. पण वीरभद्राची एक सवय होती. जे कापायचं ते तो फेकून द्यायचा नाही. सगळ्यात खाली एक पट्टी ठेवायचा, तिचा आवाज बंद करायचा आणि कापलेलं सगळं तिच्यात टाकायचा. कधी सांधायला लागलं तर असू दे म्हणून.

ती पट्टी आता समोर होती. तिच्यात बारीक बारीक तुकडे होते, दूरवर पसरलेले. करड्या रंगाचे, मधे फुगीर, दोन्हीकडं निमुळते. तांदूळ सांडावेत तसे.

"हे काय?" श्रीमंतानं विचारलं.

"काही न्हाई. त्याचे श्वास. कापलेले."

आणि त्यानं पुसायसाठी माउसवर हात ठेवला.

पेटीतून शीळ आली.

वीरभद्रानं पाहिलं. खालची पट्टी बंद होती, तिच्यावर लाल खूण होती. त्यानं ती खूण पुन्हा दाबली. पुन्हा दाबली.

शीळ.

"चुकून लागलं असंल," तो म्हणाला.

शीळ.

पडद्यावर तुकडे हलत होते. माउसवर कुणाचा हात नव्हता. लांबचा तुकडा सरकत आला आणि पुढच्याला जाऊन चिकटला. त्याच्यामागं दुसरा आला. मग तिसरा. मधल्या मोकळ्या जागा मिटत चालल्या. शिळा जवळ जवळ येऊ लागल्या.

श्रीमंताला आधी कळलं नाही की ह्यात चुकतंय काय. मग कळलं.

नुसता आत घेतलेला श्वास होता. सोडलेला एकही नव्हता. वीरभद्रानं आत घेतलेलेच तेवढे कापले होते.

आत.

आत.

आत...

वीरभद्रानं पेटीची वायर उपटली. पेटीवरचा दिवा विझला.

आवाज थांबला नाही.

दोघांनी हळूच काचेकडं पाहिलं. आतल्या खोलीत अंधार होता. खुर्ची होती. खुर्चीपुढं माइक. आणि पडद्याच्या कोपऱ्यात माइकचा आवाज मोजणारी हिरवी पट्टी वर चढत होती. उतरत होती. वर चढत होती.

माइकसमोर कुणी नव्हतं.

श्रीमंत उठून काचेजवळ गेला. त्याला भीती वाटली का? वाटली. पण तो म्हणाला, मामा, मला भीतीपेक्षा एक आशा जास्त होती.

मग एक मोठा श्वास आला. लांब. शीळ घालत, छाती भरेपर्यंत. आयुष्यभर ऐकलेला. बोलायच्या आधीचा.

आता दादा बोलणार.

"दादा," श्रीमंत म्हणाला. "बोल. मायला काय सांगू?"

...

"दादा?"

...

काहीच आलं नाही. हिरवी पट्टी खाली बसली. बोलायला आवाज लागतो. आवाज इकडं, पडद्यावर, साड्या विकत होता.

मागून वीरभद्राचं सुरू झालं. भिंतीला टेकून, छातीवर हात धरून. "पुसतो मी सगळं पुसतो श्रीमंत महादेवाची शपथ घेतो एक तुकडा ठेवत न्हाई बघ हे बघ पुसलं बघ वरची पुसली खालची पुसली कॉम्प्युटरचा कचऱ्याचा डबा उघडून दाखवतो त्यातलंबी पुसलं काही राहिलं न्हाई बघ तुझ्या डोळ्यांनी बघ..."

पडदा रिकामा होता. काचेच्या आतही आता काही ऐकू येत नव्हतं.

श्रीमंत निघाला. जेवणाचा डबा तिथंच राहिला.

उदगीर सोडलं आणि चढ लागला, तेव्हा गाडी मागून जड झाली. माणूस बसल्यावर होते तशी. त्यानं गाडी थांबवली नाही. मागं पाहिलं नाही. कानाजवळ बारीक शीळ होती. पण आता ती एकटी नव्हती. शीळ यायची, आणि मग मानेवर ऊन वाफ लागायची. घेतलेला. सोडलेला. घेतलेला. सोडलेला. त्या थंडीत त्याची मान घामानं भिजली.

गावाच्या वेशीशी गाडी हलकी झाली.

घरात साखराबाई खाटेवर उठून बसली होती. उज्वला तिच्या शेजारी. श्रीमंतानं चप्पल काढायच्या आत म्हातारी म्हणाली, "त्याचा दम मोकळा झाला गं."

"कुणाचा आत्याबाई?"

"आता बरा हाय त्यो." आणि तिनं हात पुढं केला. "मला वाढ. भूक लागलीय."

त्यानंतर तिनं कधी आदिनाथला विचारलं नाही.

*

हणमंतराव थांबले. विस्तवात एक तुराटी फुटली तर अमरनाथ दचकला, आणि त्याच्या दचकण्यावर कुणी हसलं नाही.

"अन् रिक्षा?" त्यानं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी वीरभद्र स्वतः फिरला. प्रत्येक रिक्षावाल्यापुढं हात पसरायचा. बोलत न्हाई काही, नुसता हात. मेमरी कार्ड हातावर पडेपर्यंत हटायचा न्हाई. स्टुडिओला कुलूप घातलं. आता उदगीरलाच भावाच्या दुकानात बसतो, साखर-तेल मोजून देतो. त्या दिवसापासून त्याचा शब्द कुणी ऐकला न्हाई. फोन केला तर उचलतो अन् ठेवतो."

"घाबरला असंल बिचारा," धम्मानंद म्हणाला. "काही असो मामा, त्यानं शपथ पाळली. पुसलं की सगळं."

हणमंतराव त्याच्याकडं बघत राहिले. मग खिशातून मोबाइल काढला.

"श्रीमंत वाटेत असंल, तवाचा मेसेज हाय हा. मला आलेला. संक्रांतीचा बाजार माझ्या मांडवात भरतो, त्याची जाहिरात त्याच्याकडं होती. लाव तुझ्या पेटीला."

धम्मानंदनं मोबाइल जोडला. पेटीतून वीरभद्राचा आवाज आला. हळू, कुणी ऐकेल म्हणून दबलेला.

"मामा श्रीमंत येऊन गेला लई तमाशा केला त्याच्यासमोर सगळं पुसल्यासारखं केलं पण तुम्ही फिकीर करू नका एक कॉपी मी बाजूला काढून ठेवलेली हाय तुमची जाहिरात वेळेवर होईल आदिनाथच्याच आवाजात होईल म्हातारीचं काय ती आज हाय उद्या न्हाई श्रीमंताला मात्र काही बोलू नका त्याला वाटू द्या पुसलं म्हणून..."

असाच पुढं. चांगला मोठा मेसेज होता. संपला तेव्हा पोरांना वाटलं, आपल्याच छातीवर काहीतरी ठेवलं होतं. का, ते कुणाला सांगता येईना.

"ठेवलीच होती त्यानं कॉपी," अमरनाथ पुटपुटला. "शपथ घेऊन..."

धम्मानंदचं लक्ष दुसरीकडं होतं. त्यानं मेसेज लॅपटॉपवर घेतला होता आणि पडद्यात डोकं घातलं होतं.

"मामा, हा मेसेज कापलाय कुणीतरी. ह्यातले श्वास काढलेत."

"तो फोनवर थेट बोललाय, धम्मा. बोलला अन् सोडला. तिथं कापणार कोण?"

धम्मानंद पुन्हा पडद्याकडं वळला. दूर रस्त्यावर टेम्पोचे दिवे दिसायला लागले, तरी कुणी उठलं नाही. दोन शब्दांच्या मधली जागा त्यानं ताणून मोठी केली. अजून मोठी केली. पडदाभर केली.

रेघ सपाट होती.